चौकटीतली चौथी ओळ

१

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दोन महिने नऊ दिवस ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. रोज सकाळी मी खण उघडायचो, पत्र जागेवर आहे ना ते पाहायचो आणि खण लावून टाकायचो. ते आपणहून कुठे निघून जाईल अशी मला बहुधा आशा होती.

पत्र आमच्या छापखान्यातल्या ताईचं होतं. मी तिथे मुद्रितं तपासायचो, म्हणजे छापण्याआधी कच्च्या प्रतीतल्या चुका लाल शाईने दाखवायचो. अनुस्वारांच्या मागे लागण्याच्या सवयीमुळे सगळे मला टिंबकाका म्हणत. ताई संगणकावर मजकूर बसवायची. कोष्टकं तर तिच्याइतकी सुबक कुणालाच जमत नसत. पत्रात मोजून चार वाक्यं होती.

"टिंबकाका, औषधांच्या पुस्तकाचं शेवटचं मुद्रित तुम्ही वाचलं होतं. त्यात ती ओळ होती की नव्हती, एवढंच लिहून कळवा. मालक म्हणतात मी ती टाइपच केली नाही. लेखी हवं आहे, कारण तोंडी आता माझं कुणी ऐकत नाही."

पुस्तक खिशात मावणारं, एका इस्पितळातल्या परिचारिकांसाठी केलेलं. कुठलं औषध किती द्यायचं त्याचं लांबलचक कोष्टक शेवटी होतं. सलाइनमधून देण्याच्या एका औषधापुढे 'मूत्रपिंडाचा विकार असल्यास निम्मी मात्रा' ही ओळ हवी होती. छापील पुस्तकात ती नव्हती. पुस्तक पाहून एका आजीबाईंना पूर्ण मात्रा दिली गेली. त्या वाचल्या, पण तीन आठवडे यंत्राला जोडलेल्या होत्या. मालकांनी दुसऱ्याच दिवशी ताईला काढलं. गावातले छापखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सगळीकडे ती 'ओळ खाणारी बाई' झाली. तिला कुणी दारात उभं करेना.

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. उत्तर का दिलं नाही याची कारणं मी स्वतःला रोज वेगवेगळी सांगत असे. खरं कारण एकच होतं. मला आठवत नव्हतं.

मंगळवारी सकाळी मशीनदादाचा फोन आला. छापखान्यातलं मशीन तोच चालवतो.

"काका, शुक्रवारी इस्पितळाच्या चौकशी समितीचा अहवाल वर जातोय. ताईचं नाव घालून. एकदा नाव गेलं की झालं मग." मागे मशीनचा खडखडाट चालू होता. "तुम्ही काही लिहिणार होतात म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तीच. अजून म्हणते, काका लिहितील."

मी फोन ठेवला, उठलो, बसलो, पुन्हा उठलो. त्या मुद्रितावर 'वाचले, छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही मीच केली होती. ओळ त्यात नव्हती असं निघालं, तर ती ताईने नाही, मी खाल्ली होती.

२

पुस्तकाची एक प्रत माझ्याकडे होती. पान सेहेचाळीस. मी ते पूर्वीही वीस वेळा उघडलं असेल, पण प्रत्येक वेळी त्या औषधापाशी आलो की मिटून टाकायचो. आज भिंग घेऊन बसलो.

त्या औषधाच्या चौकटीत तीन ओळी होत्या. तिसरीच्या खाली, चौकटीच्या रेघेला अगदी चिकटून, काही बारीक ठिपके होते. शाईची घाण असावी. तरी सवयीने मोजले. ठिपका असा एकच होता. बाकीच्या चार बारक्या कमानी होत्या, नखाच्या कातरणासारख्या. पहिल्या कमानीच्या डोक्यावर तो ठिपका. मग जरा अंतराने दुसरी कमान. मग बरीच मोकळी जागा, आणि शेवटी दोन कमानी शेजारी शेजारी.

मला चैन पडेना. पुस्तक पिशवीत टाकलं आणि छापखान्याच्या मागच्या दाराने मशीनदादाकडे गेलो. पुढच्या दाराने जायचं धाडस नव्हतं.

"ही घाण कशाची?" मी विचारलं.

त्याने पुसण्याच्या फडक्याला हात पुसले आणि पान उजेडात धरलं. "माझ्या मशीनची नाही."

"मी तसं म्हणालो नाही."

"तुम्ही म्हणत नाही, पण तुमचा चेहरा म्हणतो. चाळीस वर्षं तो चेहरा बघून मुद्रितं आणून दिलीत तुम्हाला." त्याने फळीवरून आणखी तीन प्रती काढल्या. तिन्हींत त्याच जागी तेच ठिपके होते. "बघा. मशीनची घाण सरकते, फिकट होते. ही हलत नाही. जे माझ्याकडे आलं ते मी छापलं."

"आलं कसं होतं?"

"घाईत. तुमचं मुद्रित एकोणपन्नास पानांचं होतं, आठवतं? शेवटच्या पानावर दोनच रांगा. मी मालकांना म्हटलं, एक फर्मा सोळा पानांचा, तीन फर्म्यांची अठ्ठेचाळीस पानं होतात. एका पानासाठी चौथा फर्मा लावू का? म्हणाले, थांब. दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल आली ती बरोब्बर अठ्ठेचाळीसची."

"ताईने बसवली असेल."

मशीनदादाने माझ्याकडे पाहिलं. तो पाहतो तेव्हा माणसाला आपण मठ्ठ आहोत असं वाटतं.

"ताई त्या दिवशी आलीच नव्हती, काका. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

३

म्हणजे माझ्या सहीनंतर फाइलला कुणाचा तरी हात लागला होता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात लगेच दुसरं आलं. ओळ त्याआधीच गेली असेल तर? मूळ हस्तलिखितातच नसेल तर?

बुधवारी मी इस्पितळात गेलो. पुस्तकाचं हस्तलिखित लिहून देणाऱ्या मेट्रनबाईंच्या खोलीबाहेर बाकावर पाऊण तास बसलो. त्यातला अर्धा तास तरी मी कुणाला सांगितलंच नव्हतं की मला भेटायचंय.

मेट्रनबाई उंच होत्या, आणि बोलताना समोरच्याची नाडी मोजत असल्यासारख्या थांबत थांबत बोलायच्या.

"तुम्ही छापखान्याकडून आलात?"

"नाही. म्हणजे, होतो तिथे. आता माझ्याकडूनच आलोय."

"मूळ कागद हवाय ना? सगळ्यांना तोच हवा असतो." त्यांनी कपाटातून फाइल काढली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात ओळ होती, खाली दोन रेघा मारलेल्या. "मी दोनदा अधोरेखित केली होती. ते औषध देणारी आमची नर्स त्या पेशंटपाशी बसून तीन आठवडे रोज विचारायची, मी काय चूक केली. चोवीस वर्षांची. तिला मी सांगत होते, तू पुस्तकात होतं तेच केलंस."

मी खाली पाहिलं. एका ओळीच्या पोटात इतकी माणसं असतील हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"टाइप करणारी मुलगी आली होती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "रडली नाही. पुन्हापुन्हा एवढंच म्हणाली, मी ओळ घातली होती. पण मालकांनी संगणकावर फाइल उघडून समितीला दाखवली. चौकटीत ओळ नव्हती. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं."

"ती फाइल तुमच्याकडे आहे?"

"पुस्तकांबरोबर दिली होती. पुढची आवृत्ती काढायची तर हाताशी असावी म्हणून." त्यांनी खणातून पेनड्राइव्ह काढून समोर ठेवला, पण वरचं बोट उचललं नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी सकाळी माझी सही होईल. एकदा सही झाली की मीसुद्धा काही करू शकणार नाही."

४

माझी सून संगणकाच्या वर्गात शिकवते. मी तिच्याकडे सहसा काही मागत नाही, कारण मागितलं की ती कामही करते आणि चेष्टाही करते.

"बाबा, तुम्ही आणि पेनड्राइव्ह? कुणाचा पळवून आणलात?"

मी सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. ते ऐकताना तिची चेष्टा थांबली. त्यापेक्षा तिने चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

तिने फाइल उघडली. पान सेहेचाळीस. चौकटीत तीन ओळी, खाली तेच ठिपके.

"नाहीच आहे की," मी म्हणालो.

"डोळ्यांवर नका जाऊ. याला विचारू." तिने शोधायच्या जागी 'निम्मी मात्रा' हे शब्द टाइप केले आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं : एक जागा सापडली.

पान जागचं हललं नाही. आम्ही दोघंही त्या चौकटीकडे बघत बसलो. संगणक म्हणत होता शब्द इथे आहेत, आणि तिथे काहीच नव्हतं.

सूनच आधी हसली. "अगं बाई. बाबा, ओळ गेली नाहीये. लपलीय." तिने त्या रांगेवर जाऊन एक खिडकी उघडली. "हे बघा. रांगेची उंची दोन तऱ्हांनी ठरवता येते. 'किमान' म्हटलं तर मजकूर वाढला की चौकट वाढते, पोट सुटल्यावर सदरा सैल करावा तशी. 'नेमकी' म्हटलं की चौकट वाढत नाही. न मावणारं आतच राहतं. दिसत नाही आणि छापलंही जात नाही. इथे सगळ्या रांगा 'नेमकी'वर आहेत. तीन ओळी मावतील एवढी उंची. सबंध कोष्टकात चार ओळींची चौकट ही एकच. म्हणून एकटी हिचीच ओळ बुडाली."

"आणि ठिपके?"

मी विचारलं आणि त्याच क्षणी मला उत्तर दिसलं. कागद ओढून मी ती ओळ लिहिली आणि शिरोरेघेच्या वर जेवढं येतं तेवढंच ठेवून बाकीचं बोटाने झाकलं. 'पिं'ची वेलांटी आणि तिच्यावरचा अनुस्वार. 'वि'ची वेलांटी. 'असल्यास'वर काहीच नाही. मग 'निम्मी'च्या दोन वेलांट्या, शेजारी शेजारी. चार कमानी, एक टिंब. बुडणाऱ्या ओळीचे केस तेवढे पाण्यावर राहिले होते, आणि ते प्रत्येक प्रतीत छापले गेले होते.

"ताईनेच उंची 'नेमकी' केली असेल तर?" मी म्हणालो. "सुट्टीच्या आधी?"

"तुम्हाला ती दोषी असलेली हवीय का?"

"नाही. पण मला जे हवंय त्यावर माझा विश्वास नसतो."

तिने आणखी एक बटण दाबलं. एरवी न दिसणाऱ्या खुणा पानापानांवर दिसू लागल्या. प्रत्येक धडा संपल्यावर एक तुटक रेघ होती. ती पान तोडल्याची खूण. "हा तुमच्या ताईचा हात. नवीन पान हवं की एकदाच आज्ञा द्यायची. कोष्टकाचं शीर्षक दर पानावर आपोआप यावं अशी सोयही तिनेच केलीय. नीटनेटकी बाई आहे. आता कोष्टक सुरू होतं तिथे बघा."

तिथे तुटक रेघ नव्हती. ती पुसून कोष्टक आधीच्या पानाच्या उरलेल्या जागेत वर ओढलं होतं, आणि मध्ये अंतर राहावं म्हणून रिकाम्या ओळींच्या खुणा होत्या. एकाखाली एक, नऊ. मथळा मध्यावर आणायला त्याच्या डावीकडे एकवीस मोकळ्या जागा ठोकलेल्या.

"एंटर मारत सुटलंय कोणीतरी," सून म्हणाली. "माझ्या वर्गात असं दोन प्रकारची माणसं करतात. पहिल्या दिवशी येतात ती, आणि आयुष्यभर टाइपरायटर चालवलेली."

मशीनदादाला कळफलकावरचं एक अक्षर सापडायला मिनिट लागतं. तो एकवीस वेळा काही ठोकणार नाही. मला मात्र एकच माणूस आठवत होता. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसण्यापासून त्याने सुरुवात केली होती, आणि मिनिटाला साठ शब्दांची गोष्ट तो आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

५

गुरुवारी सकाळी मी पुढच्या दाराने गेलो.

"या टिंबराव," मालक म्हणाले. "घरात करमत नाही ना? मी म्हटलंच होतं."

मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचंतिकडचं बोलून परत आलो असतो. घरून पाठ करून आणलेलं मी एका दमात म्हणून टाकलं. सही झाल्यावरची फाइल, अठ्ठेचाळीस पानं, नऊ एंटर, रांगांची नेमकी उंची. बोलताना मी त्यांच्या पेपरवेटकडे बघत होतो.

मालकांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला.

"सुनेने शिकवलं वाटतं हे सगळं."

"हो."

"मग संगणकावर बसलो होतो मीच. ताई नव्हती, इस्पितळाचा माणूस दारात उभा. खोटं कशाला बोलू? पण ओळ बुडाली हे मला आईशप्पथ माहीत नव्हतं. समितीला फाइल दाखवली तेव्हाही मला वाटलं, हिनेच टाइप केली नसेल."

"पण फाइलला तुमचा हात लागला होता, ते सांगायचं होतं."

"सांगितलं असतं. मग हे सापडलं." त्यांनी खालचा खण उघडला आणि एक गठ्ठा टेबलावर ठेवला. माझं मुद्रित. वर माझी सही. त्यांनीच पान उलटून दिलं.

ओळ होती. औषधापुढे चौथी, अनुस्वारासकट. मी वाचली होती, तिच्याखाली माझ्या पेन्सिलीची बारीक खूणही होती. दोन महिने नऊ दिवसांत पहिल्यांदा मी पुरता श्वास घेतला.

"आता समास बघा," मालक म्हणाले.

समासात लाल शाईने माझं अक्षर होतं : 'रांगा लहानमोठ्या दिसतात. सर्वांची उंची एकसारखी करावी. पान ४९ टाळता आल्यास पाहावे.'

मी ते दोनदा वाचलं. मी असं लिहिलं असणारच. मला लहानमोठ्या रांगा कधीच बघवल्या नाहीत.

"तुम्ही सांगितलंत, मी केलं," मालक म्हणाले. आवाज कडू नव्हता, आणि मला तेच जड गेलं. "हा गठ्ठा समितीपुढे ठेवला असता तर त्यांनी आधी कुणाचं नाव घेतलं असतं? तुमचं. निवृत्तीच्या महिन्यात. म्हणून खणात ठेवला."

"बदल केल्यावर नवीन मुद्रित काढायचं असतं. आपला नियम होता."

"तुम्हाला दिलं असतं तर आणखी चार टिंबं काढून दोन दिवस लावले असतेत. वेळ नव्हता."

"एक पान वाचायला मला दहा मिनिटं लागतात."

ते जरा पुढे झुकून हळू म्हणाले, "हे बघा, ताई तरुण आहे. आज ना उद्या कुठेतरी लागेल. तुमच्याजवळ काय आहे? नावच ना? आणि माझ्याजवळ हा छापखाना. दोन म्हातारी माणसं निस्तरू की आपण. तुम्ही फक्त घरी जा."

"तिला काम मिळत नाहीये."

"मिळेल."

"मला ते मुद्रित द्या."

त्यांनी मान हलवली. गठ्ठा उचलून खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. मी दारापर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, "तिने तुम्हाला होती की नव्हती एवढंच विचारलंय ना? मग तेवढंच लिहा हवं तर. समासाचं कुणी विचारलेलं नाही."

६

घरी येऊन मी ताईच्या पत्राचं उत्तर लिहायला बसलो. पहिला परिच्छेद लगेच झाला. ओळ होती, मी वाचली होती, फाइल नंतर बदलली, ओळ फाइलमध्ये अजून आहे, ती कशी पाहायची. तिथे थांबता आलं असतं. मी उठून खोलीत फेऱ्या घातल्या, खिडकी उघडली, लावली, पेनाला टोपण घातलं, काढलं. मालकांनी मला पळवाट दाखवली होती असं मला म्हणायचं होतं, पण ती मला आधीच दिसली होती.

ओळ कुणी बुडवली ते पहिल्या परिच्छेदात होतं. ती का बुडाली ते नव्हतं. उद्या कुणी विचारलं की मालकांना अचानक रांगांची उंची का सुचली, तर त्याचं उत्तर फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाने खणाला किल्ली लावली होती.

मी दुसरा परिच्छेद लिहिला.

सुनेने दोन्ही वाचले. "बाबा, हा दुसरा नसला तरी तिचं काम होतंय."

"होतंय."

"आणि हा गेला तर लोक म्हणतील, काकांनीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंच की."

तिने कागद परत दिला. "'उंची'वरचा अनुस्वार राहिलाय," ती म्हणाली. मी दचकून पाहिलं. राहिला नव्हता. ती हसत आत गेली, आणि आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

मी त्याची एक नक्कल केली आणि साडेतीन वाजता मेट्रनबाईंसमोर ठेवली, पेनड्राइव्हसकट. त्यांनी उभ्यानेच वाचली. मग संगणकापाशी बसून, मी लिहिलं होतं तसं, 'निम्मी मात्रा' शोधलं. एक जागा सापडली. मी सांगितलं तिथे त्यांनी 'नेमकी'च्या जागी 'किमान' केलं. चौकट खाली वाढली आणि ओळ वर आली, सबंध.

मेट्रनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोन उचलून कुणाला तरी सांगितलं की अहवाल उद्या जाणार नाही, आणि छापखान्याच्या मालकांना शेवटचं मुद्रित घेऊन बोलवा.

"तुमचा दुसरा परिच्छेदही समितीपुढे जाईल," त्या म्हणाल्या. "कळतंय ना?"

"हो."

"त्या नर्सलाही मी हे वाचून दाखवणार आहे. सगळं."

"दाखवा," मी म्हणालो. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

ताईला फोन करता आला असता. मशीनदादा म्हणालाही, आत्ता सांगतो तिला. मी म्हटलं, तू सांग खुशाल, पण तिने लेखी मागितलंय.

पोस्टाच्या पायऱ्यांवर पाकीट उघडून मी पत्र पुन्हा एकदा वाचलं. पहिलं वाक्य 'ताई, ओळ होती' असं होतं आणि शेवटचं 'उशीर झाला, तो माझ्या भित्रेपणामुळे'. त्यात सुधारण्यासारखं बरंच दिसलं. खिशात लाल पेन होतं. मी ते काढलं नाही. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं.